गच्चीवरचा सडा: पुण्यातल्या हिरव्या छतासाठी रानफुलं कशी निवडायची

पुण्यात छतावर रानफुलं लावायची असतील, तर निवड करताना आधी मे महिना डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टमध्ये काहीही फुलतं. खाली तापलेला स्लॅब, वर चाळिशीला टेकलेलं ऊन आणि मधे चार बोटं माती, अशा जागी एखादं झाड फेब्रुवारी ते मे कसं काढतं, त्यावर ते दुसऱ्या पावसाळ्यात दिसणार की नाही हे ठरतं. म्हणून पुढे फुलांच्या रंगांपेक्षा त्यांच्या उन्हाळ्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हिरव्या छतांची इंटरनेटवर सापडणारी माहिती बहुतेक जर्मनी-इंग्लंडकडची असते. तिथल्या छतांवर सेडम नावाची मांसल पानांची बुटकी झाडं सर्रास लावतात आणि ती टिकतात, कारण तिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि उन्हाळा सौम्य असतो. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि मग जवळजवळ ठणठणीत कोरडं. सेडमच्या बहुतेक जाती इथे जुलैच्या ओलीत कुजतात. त्यातून वाचल्या तर एप्रिल त्यांना सोडत नाही.

आपल्याला नमुना शोधायला इतकं लांब जायची गरजही नाही. सह्याद्रीतले सडे म्हणजे निसर्गाने बांधलेली हिरवी छतंच आहेत: खाली सलग कातळ, वर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती, पावसाळ्यात फुलांचा गालिचा आणि मार्चमध्ये बोडकं माळरान. कासचं पठार जांभ्याचं आणि सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर, काळ्या पाषाणावर आणि मुरमावर वसलेलं. त्यामुळे कासपेक्षा वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजचे डोंगर, सिंहगड-पुरंदरचे उघडे माथे हे आपले खरे नमुने. कासची यादी हातात घेऊन नर्सरीत जाणाऱ्यांची निराशा ठरलेली असते, आणि त्यात नर्सरीवाल्यांचा काही दोष नसतो.

आधी छत

फुलांची निवड छताच्या ताकदीपासून सुरू होते, कारण मातीची खोली त्यावर ठरते आणि झाडांची यादी खोलीवर.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १५० किलो चल भार धरला आहे. ज्या छतावर जायची सोय नाही त्यासाठी त्याच्या निम्मा. हा हिशेब माणसांचा आणि तात्पुरत्या सामानाचा आहे, कायमच्या मातीसाठी राखून ठेवलेला नाही. आता दुसरी बाजू बघा. छतासाठीचं मातीचं हलकं मिश्रण पावसात पूर्ण भिजलं की घनमीटरला १२०० ते १५०० किलो भरतं. म्हणजे १० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला १२० ते १५० किलो. शंभर चौरस फुटांच्या तुकड्यावर हे वजन सव्वा टनाच्या आसपास जातं. तिथे साधी लाल माती टाकलीत तर दीड टनाच्या वर. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक पोतंही वर नेऊ नका. इंजिनिअरकडून एकच आकडा लेखी घ्या: भिजलेल्या अवस्थेत चौरस मीटरला किती किलो चालेल. बाकी सगळं त्या आकड्याला बांधलेलं आहे.

वॉटरप्रूफिंगबद्दल थोडक्यात. पुण्यातल्या बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आणि वर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) असतं. माती टाकण्याआधी पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात ओल येते का बघा. त्यावर मुळं अडवणारा एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) शीट, मग ड्रेनसेल, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पोकळ जाळ्या, मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, मग मिश्रण. कठड्याला लागून आणि पाण्याच्या प्रत्येक तोंडाभोवती फूट-दीड फूट रुंदीची नुसत्या खडीची पट्टी सोडा. सोसायटीची गच्ची असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, आणि त्याआधी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी चहा प्यायला बसा. पुढची पाच वर्षं त्यांच्या छतावरचा प्रत्येक डाग तुमच्या खात्यावर जमा होणार आहे.

छताचं ऊनही नोंदवा. शेजारच्या उंच इमारतीची सावली दुपारनंतर पडत असेल तर तो तुकडा सोन्याचा, तिथे तेरडा टिकेल. दिवसभर तापणारा, पश्चिमेचा वारा खाणारा कोपरा वेगळ्या झाडांसाठी ठेवा. आणि तुम्ही पुण्यात नेमके कुठे आहात हेही बघा. बावधन, वारजे, पाषाणकडे पाऊस जास्त, हडपसर-वाघोलीकडे बराच कमी. एकाच शहरातल्या दोन गच्च्यांना एकच यादी लागू पडत नाही.

टेकडीवर दोनदा जा

एकदा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि एकदा मेमध्ये, त्याच जागी. मोबाइलमध्ये जागेची खूण करून ठेवा.

सप्टेंबरमध्ये फुलांच्या आधी बुंध्याकडे बघा. कातळावर जिथे माती चार बोटांपेक्षा कमी आहे तिथे काय उगवलंय? जिथे खळग्यात पाणी साचलंय तिथे काय आहे? भेगेत काय आहे? या तीन जागा अगदी वेगळ्या. तुमच्या छताशी फक्त पहिली जुळते. छतावर भेगा नाहीत (नसाव्यात!), आणि ड्रेनसेलमुळे पाणी साचत नाही. भेगेत उगवलेलं झाड वरून कितीही काटक दिसलं तरी त्याची मुळं खाली हात-दोन हात थंडाव्यात गेलेली असतात. छतावर तो थंडावा त्याला कुठून मिळणार?

मेमध्ये त्याच जागी उकिडवे बसून माती हलकेच चाचपा. काही जागी नुसता वाळलेला पाचोळा आणि बी सापडेल, काही जागी कांदे, काही जागी सुरकुतलेली पण जिवंत पानं. काही उपटू नका. नुसतं बघून लिहून घ्या. नाव ओळखता येत नसेल तर फूल, पान आणि पूर्ण झाड असे तीन फोटो काढा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. नेमकी ओळख पटवणं महत्त्वाचं असेल, तर अशा ठिकाणी विचारलेलं बरं. मोबाइल अ‍ॅप सांगतं ते नाव अंदाज म्हणून घ्या, आपल्या रानफुलांच्या बाबतीत ती अनेकदा परदेशी भावंडाचं नाव सांगतात.

उन्हाळा काढायच्या तऱ्हा

माझी सगळी निवड या एका कसोटीवर चालते. सड्यावरची झाडं उन्हाळा ढोबळमानाने चार तऱ्हांनी काढतात: बी होऊन, कांदा होऊन, पानाखोडात पाणी धरून, किंवा मूळ खोल घालून. चौथ्या तऱ्हेची झाडं छतावरून आधीच बाद करा.

बी होऊन राहणारी ही छताची मुख्य फौज. जूनमध्ये उगवायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बी टाकून संपायचं. उन्हाळा त्यांना भेटतच नाही.

यात तेरडा पहिला. गुलाबी, एकेरी पाकळ्यांचा रानातला घ्या, बागेतला भरगच्च पाकळ्यांचा नको, त्याच्यावर माश्या-फुलपाखरांना फारसं काही मिळत नाही. शेंग पिकली की बोट लागताच फुटून बी उडतं, त्यामुळे एकदा आला की पुन्हा पेरावा लागत नाही. त्याला ओल लागते, म्हणून सावलीच्या बाजूला आणि पश्चिम पुण्यात. गौरी बसतात तेव्हा नेमका फुललेला असतो, त्यामुळे मंडईत तेरड्याच्या जुड्यांचे भाव विचारायची गरज उरत नाही.

सोनकी ही दुसरी. सिंहगडाच्या वाटेवर सप्टेंबरात पिवळे उतार दिसतात ते बहुतांशी तिचेच. उथळ मातीत ती बुटकी राहून भरपूर फुलते, सकस मातीत लांबुळकी होऊन आडवी पडते. कवला, म्हणजे मुलं जिला मिकी माऊस म्हणतात ती लाल ठिपक्यांची पिवळी फुलं, शेंगवर्गातली असल्याने हलक्या, निकस मातीत खुशाल राहते. कुरडू कुठेही येतो आणि कोवळी पानं भाजीलाही होतात. पण तो उंच वाढतो, बी अफाट टाकतो, म्हणून मिश्रणात चिमूटभरच. नाहीतर तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे कुरडूचं शेत असेल. रानतीळ देखणा, पण हातभर-दोन हात वाढतो आणि वाऱ्यात मोडतो. कठड्याच्या आडोशाला चार रोपं पुरेत. सहदेवीची बारीक जांभळी फुलं फोटोत दिसत नाहीत, पण छोट्या फुलपाखरांना ती आवडतात, आणि ती पावसाळ्यानंतरही बराच काळ फुलत राहते.

दुधाळी मात्र जरा थांबून लावा. गुलाबी घंटेसारखी फुलं मोह पाडतात, पण ती अर्धपरजीवी आहे, शेजारच्या गवताच्या मुळांतून रस घेते. नव्या, मोकळ्या मातीत नुसतं तिचं बी टाकून काही हाती लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवत जमलं की टाका. गवताचा जोर कमी करायलाही ती कामाला येते.

कांदेवाली झाडं बियांच्या झाडांपेक्षा हळू चालतात, पण एकदा बसली की वर्षानुवर्षं. टेकडीवरचा भुईकांदा, दीपकाडी, भुईचक्र, आणि कांद्यासारख्या मुळांवर तगणारी आभाळी ही सगळी उथळ मातीतली. रानकांदा तर पाऊस यायच्या आधी, ऐन उन्हाळ्यात फुलांची काठी वर काढतो आणि पानं नंतर. त्याला मात्र १५ सेंटिमीटर खोली द्या. यातले काही कांदे विषारी असतात, तेव्हा गच्चीवर लहान मुलं खेळत असतील तर विचार करा. या गटाची एक अट आहे: उन्हाळ्यात पाणी अजिबात नाही. झोपलेल्या कांद्याला एप्रिलमध्ये दयाबुद्धीने घातलेलं पाणी त्याला कुजवतं. परदेशी असली तरी पावसाळी लिली या गटात चालून जाते. ती कुठल्याही नर्सरीत मिळते.

पानाखोडात पाणी धरणारी झाडं छताच्या सर्वांत उथळ, तापट कडेसाठी. नभाळी यातली राणी. लोकरीसारखी लव असलेली जाड पानं, जांभळट-निळी मऊ फुलं, आणि नुसत्या कातळावर शेवाळाच्या आधारानेही जगायची तयारी. खोडाचा तुकडा ओल्या मातीवर टेकवला तरी मुळं धरतो. रानघोळ तशीच, आणि छोटा चांदवा फुलपाखराच्या अळ्या घोळीवर वाढतात हा वरचा फायदा. ऑफिस टाइमची फुलं रानफुलं नाहीत, दक्षिण अमेरिकेतून आलेली आहेत, पण पहिल्या वर्षी मोकळ्या दिसणाऱ्या कडेवरून सोसायटीत कुरकुर सुरू झाली तर ती तोंड बंद करायला उपयोगी पडतात. माकडशिंगी लावायची असेल तर नर्सरीत वाढवलेल्या रोपाचा तुकडा घ्या, डोंगरावरून आणू नका. औषधी व्यापारासाठी ती आधीच फार उपटली जाते.

विष्णुक्रांता या चौकटीत नीट बसत नाही आणि तरी ती माझ्या प्रत्येक यादीत असते. मुरमाड, तुडवलेल्या पायवाटेच्या कडेला जमिनीलगत पसरलेली, नखाएवढी निळी फुलं. तिला मूळ खोल घालायला आवडतं, पण १० सेंटिमीटरमध्येही ती जमवून घेते आणि उन्हाळ्यात वरून वाळून पावसाला पुन्हा फुटते. हडपसर-खराडीच्या कोरड्या गच्च्यांसाठी तेरड्याऐवजी ती घ्या.

यादीतून खोडायची नावं

काही झाडं कितीही आवडली तरी छतावर येत नाहीत, आणि काही आणणं चुकीचंच आहे.

सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, वायतुरा: ही सगळी पाझरत्या किंवा साचलेल्या पाण्यातली. निचरा होणारं छत त्यांना वाळवंट आहे, आणि त्यांच्यासाठी पाणी साचवलंत तर डेंग्यूच्या डासांची सोय होईल. त्यातली दवबिंदू आणि सीतेची आसवं तर कीटकभक्षी. निकस, सतत ओल्या जागेत जगण्यासाठी ती घडलेली आहेत. कारवी झुडूप आहे, सात-आठ वर्षांनी फुलणारी, तिला जमीन हवी. कंदीलपुष्पं आणि आमरी, म्हणजे जमिनीवरची ऑर्किडं, हात लावू नका. कंदीलपुष्पांच्या अनेक जाती मोजक्याच जागी उरल्या आहेत. आमरीचं बी उगवायला जमिनीतली ठरावीक बुरशी लागते, उपटून आणलेलं रोप बहुधा मरतंच.

आता जरा कडक बोलतो. ऑनलाइन मिळणारी वाइल्डफ्लॉवर मिक्सची पाकिटं घेऊ नका. त्यातली पॉपी, कॉर्नफ्लॉवर वगैरे मंडळी थंड हवेची, इथे हिवाळ्यात रोज पाणी घालून महिनाभर दिसतात आणि जातात. ती निरुपद्रवी तरी आहेत. पण अशा पाकिटांत केशरी-पिवळा कॉसमॉस असू शकतो. मूळ मेक्सिकोकडचा हा कॉसमॉस आज पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला एकरांनी पसरलाय, आणि जिथे तो दाट होतो तिथे तेरडा-कवल्याला जागा उरत नाही. गाजर गवताची गोष्ट वेगळी नाही. १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली ती आपल्याच पुण्यात. आठव्या मजल्यावरून वाऱ्यावर बी सोडणारी गच्ची टेकडीच्या शेजारी असेल, तर तुम्ही काय पेरता हा फक्त तुमचा प्रश्न राहत नाही.

कुसळी गवतही नको. ऑक्टोबरमध्ये गच्चीवर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यात कुसळं रुततील.

खोलीप्रमाणे मिश्रण

इंजिनिअरच्या आकड्यातून खोली कळली की निवड सोपी होते. ५ ते ७ सेंटिमीटर मिळत असतील तर निम्मी नभाळी आणि रानघोळ, उरलेल्यात सोनकी, कवला, थोडी विष्णुक्रांता. तेरडा टाळा. ८ ते १२ सेंटिमीटर ही खरी सुखाची खोली. इथे तेरडा, सोनकी, कवला ही तीन मिळून बियांचा साठ-सत्तर टक्के भाग, बाकी सहदेवी, विष्णुक्रांता, चिमूटभर कुरडू, आणि मधूनमधून भुईकांदा-दीपकाडीचे पुंजके. १५ सेंटिमीटरची परवानगी असेल तरी सगळीकडे तेवढी माती टाकू नका. खांब-तुळयांच्या वरच्या पट्ट्यात, इंजिनिअर दाखवेल तिथे, उंचवटा करा आणि बाकी ठिकाणी ७ वर ठेवा. सड्यावरही माती कधी सारखी नसते, आणि या उंचसखलपणामुळेच कोरड्या वर्षी काही ना काही जगतं.

जातींची संख्या आठ ते बारा ठेवा. चार जाती म्हणजे एका रोगात सगळं संपायचा धोका, आणि पंचवीस म्हणजे काय उगवलं आणि काय नाही हे तुम्हालाच कळणार नाही.

खात्री नसेल तर पहिला पावसाळा भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये काढा. क्रेटला आतून जिओटेक्स्टाइल लावा, छतावर जेवढी खोली मिळणार तेवढंच मिश्रण भरा, आणि गच्चीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. एका हंगामात कोणता कोपरा कोणाचा हे कळतं.

बी कुठून

राखीव वनातून, अभयारण्यातून, कासवरून काही आणायचं नाही, बीसुद्धा नाही. वेताळ टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे हे विसरू नका. शहराच्या कडेला खासगी माळ, शेताचे बांध, बांधकामासाठी मोकळे पडलेले प्लॉट भरपूर आहेत. मालकाला विचारून तिथून घ्या, आणि एका जागेवरच्या दहा झाडांपैकी एकाचंच बी घ्या. प्लॉटवर उद्या जेसीबी चालणार असेल तर सगळं उचला, कांद्यांसकट.

सोनकीचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, फुलाच्या जागी पांढरा कापूस दिसला की वारा सुटायच्या आत. तेरड्याच्या शेंगा हिरव्या-पिवळ्या, फुगीर असताना कागदी पिशवीत झाकून तोडा. कुरडूचे तुरे पिशवीत उलटे धरून झटका. कवल्याच्या शेंगा तपकिरी झाल्यावर.

बी फ्रिजमध्ये ठेवू नका. या झाडांचं बी सड्यावर अख्खा उन्हाळा तापत पडलेलं असतं, आणि कित्येक जातींना उगवण्याआधी ती कोरडी उष्णता लागते. कापडी किंवा कागदी पिशवीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, घरातल्या उबदार कोरड्या जागी टांगा. कवल्यासारख्या कठीण सालीच्या बियांना पेरणीआधी बारीक सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवलं तर उगवण चांगली होते.

माती मुद्दाम निकस ठेवा

बागकामाची सवय असलेल्यांना इथे सर्वांत जास्त त्रास होतो. शेणखत, गांडूळखत ओतून तयार केलेल्या मातीत रानफुलं हरतात आणि गवत जिंकतं. काळी माती तर अजिबात नको: भिजली की जड आणि चिकट, वाळली की भेगाळते, निचरा बंद पाडते.

मी साधारण असं प्रमाण धरतो: अर्धा भाग फोडलेल्या विटा, वाटाण्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराच्या, दोन दशांश चाळलेला मुरूम, दोन दशांश धुतलेलं कोकोपीट आणि एक दशांश जुनं, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. विटांची भुकटी चाळून टाका, नाहीतर ती जिओटेक्स्टाइल बुजवते. बांधकामाच्या राडारोड्यातल्या विटा फुकट मिळतात, पण त्यांना सिमेंट चिकटलेलं नसावं. वजन अंदाजाने धरू नका: दहा लिटरची बादली भरा, पाण्याने पूर्ण भिजवा, निथळू द्या, तोला. तेरा किलोच्या वर गेलं तर मुरूम कमी करा.

मृगात अर्धं, आर्द्रात अर्धं

मेमधल्या वळवाच्या सरीला भुलू नका. त्या ओलीवर उगवलेली रोपं पुढच्या आठवड्याच्या उन्हात जातात. मृग लागल्यावर दोन-तीन चांगले पाऊस पडून माती आतपर्यंत ओली झाली की निम्मं बी पेरा. उरलेलं दोन आठवड्यांनी, आर्द्रात. पहिल्या पेरणीनंतर पावसाने दडी मारली, आणि पुण्यात तो मारतोच, तर दुसरं हातात असतं.

चौरस मीटरला सगळं मिळून २ ते ३ ग्रॅम बी पुरतं. शंभर चौरस फुटांना २० ते ३० ग्रॅम. ते दसपट कोरड्या बारीक वाळूत मिसळा, दोन भाग करा, एक उभा फेका, एक आडवा. वाळूच्या रंगावरून कुठे पडलं आणि कुठे नाही हे दिसतं. मातीने झाकू नका, फळीने हलकं दाबा. बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. मग ताबडतोब जाळी, कारण पुण्यातली कबुतरं तुमच्या पेरणीकडे जेवणाचं आमंत्रण म्हणून बघतात. रोपं चार पानांवर येईपर्यंत जाळी काढायची नाही.

नभाळीचे तुकडे आणि कांदे पेरणीच्या दिवशीच लावा, कांदा त्याच्या उंचीइतकाच खोल.

पहिला पावसाळा

जुलैत चार-पाच दिवस ऊन पडलं तर संध्याकाळी झारीने शिंपा. सप्टेंबरच्या उघडिपीत एक-दोनदा. बाकी पाणी नाही, खत तर नाहीच.

निंदणी मात्र दर आठवड्याला. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून. कॉसमॉस दिसेल तिथे. आणि सर्वांत महत्त्वाचं: पक्ष्यांच्या विष्ठेतून येणारे पिंपळ, वड, घाणेरी. दोन पानांचा पिंपळ चिमटीत निघतो, हातभर झाला की त्याचं मूळ शीट फोडून कोब्यात शिरतं. एकदांडी न बोलावता येईल. थोडी राहू द्या, फुलपाखरांना तिच्यात मध मिळतो. दाट झाली तर काढा.

दिवाळीत छत अर्धवट वाळलेलं असतं आणि आकाशातून रॉकेट पडतात. त्या आठवड्यात संध्याकाळी पाणी शिंपून ठेवा आणि नळी जोडलेली राहू द्या. खडीची पट्टी इथेही उपयोगी पडते.

डिसेंबरमध्ये बी गळून गेल्याची खात्री करून वाळलेली झाडं चार-पाच सेंटिमीटरवर कापा. कापलेल्या काड्या आठ दिवस तिथेच पसरा, रोज एकदा झटका, म्हणजे उरलेलं बी खाली पडेल, मग कंपोस्टला. खुंट उपटू नका, उन्हाळ्यात तेवढीच सावली. जानेवारी ते मे छत तपकिरी दिसणार, आणि कुणीतरी काकू प्रेमाने बादली घेऊन वर जाणारच. फाटकाशी पाटी लावा: ‘झाडं झोपली आहेत, पाणी घालू नये.’ नभाळी-घोळीच्या कडेला मात्र एप्रिल-मेमध्ये पंधरवड्यातून एकदा पाणी दिलं तर चालतं.

पुढच्या मेमध्ये थर किती खाली बसलाय ते मोजा. कोकोपीट कुजून एक-दोन सेंटिमीटर कमी झालेलं असेल, तेवढं विटा-मुरमाचं नवं मिश्रण वरून पसरा. खतवालं नको. दुसऱ्या ऑगस्टमध्येही एखादा तुकडा उघडा राहिला तर तिथे पुन्हा बी ओतत बसू नका. त्या जागी पाणी टिकत नाही किंवा स्लॅब जास्त तापतो. विटांचे मोठे तुकडे आणि चपटे दगड मांडा, फटींत नभाळीचे तुकडे खोचा, आणि दगडाखाली सरडे-कोळी राहायला आले तर त्यांना राहू द्या.